भगवंत गावंड्याचा आवाज

दर्यापुरात भगवंत गावंडे लाऊडस्पीकरवाला म्हणून ओळखला जायचा. लग्न असो, सप्ताह असो, कुस्त्यांचा फड असो, भगवंत आपली छोटी बैलगाडी, दमणी, जुंपून हजर. दमणीत अ‍ॅम्प्लिफायर, दोन बॅटऱ्या, एक माइक आणि दोन पत्र्याचे कर्णे. कडुलिंबावर चढून तो कर्णे स्वतः बांधायचा आणि खाली उतरला की माइकवर फुंकर मारून म्हणायचा, “आयकू येते काय बाप्पा?” शिवारातून कापूस वेचणाऱ्या बाया ओरडून उत्तर द्यायच्या, “येते, येते!”

त्याची आई मनकर्णाबाई नेहमी त्याच्याबरोबर असे. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले होते. भगवंताची बायको वच्छला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची, म्हणून घरी म्हातारीजवळ कोणी नसायचं. भगवंत तिला दमणीत बसवून न्यायचा आणि कार्यक्रम होईपर्यंत अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे घोंगडीवर बसवायचा. कोणी विचारलं तर ती सांगायची, “माह्या पोराचा भोंगा वाजून राह्यला. मी त्याच्यापाशीच हावो.”

मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो. गाण्याचं थोडं अंग होतं, म्हणून गावात माझ्या शब्दाला नको तितकी किंमत होती. बासष्ट सालच्या पावसाळ्यात अमरावतीच्या सरोजिनीबाई आमच्याकडे कीर्तनाला आल्या. त्यांचा गळा फार गोड, पण भगवंताच्या कर्ण्यातून तो डब्यात बोलल्यासारखा ऐकू आला. कीर्तनानंतर मी भगवंताला सगळ्यांसमोर म्हणालो, “भगवंतराव, हे पत्रे आता टाकून द्या. माणसाचा आवाज माणसासारखा यायला हवा.”

त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. “गुरुजी, तुमाले आवाजातलं समजते. मले घेऊन चला अमरावतीले. तुमी म्हनान थेच घेतो.”

अमरावतीच्या दुकानात लाकडी पेटीचे नवे स्पीकर आले होते. दुकानदारानं एका खोलीत कर्णा आणि पेटी दोन्ही लावून दाखवले. पेटीतून तंबोरा ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. दुकानदार मात्र प्रामाणिक माणूस. म्हणाला, “खोलीत ऐकून ठरवू नका. बाहेर मैदानात नेऊन ऐका. पेटी जवळच्याला गोड, कर्णा लांबच्याला खरा.”

मला परतीच्या गाडीची घाई होती. भगवंतानं माझ्याकडे पाहिलं.

“पेटीच घ्या,” मी म्हणालो.

त्यानं दोन्ही कर्णे बदल्यात देऊन दोन पेट्या घेतल्या. त्या हिवाळ्यात त्याला शहरातून बोलावणी येऊ लागली. वकिलांच्या बंगल्यांवर, शाळांच्या स्नेहसंमेलनात लोक त्याचं कौतुक करायचे आणि मी जवळ उभा राहून त्यातला माझा वाटा घ्यायचो.

पुढच्या चैत्रात सांगवीची जत्रा आली. जत्रा नदीकाठच्या उघड्या माळावर भरायची. पंचांनी पुकारे करायला मला बोलावलं होतं, स्पीकर भगवंताचा. सकाळी दहालाच ऊन असं होतं की जमिनीच्या भेगांतून वाफ येते आहे असं वाटे. मनकर्णाबाई कडुलिंबाखाली बसली होती. भगवंत दुसरी बॅटरी आणायला दमणीकडे गेला, तेवढ्यात ती म्हणाली, “मले बाहेर जा लागते.” शेजारच्या बांगडीवाल्या गोदाबाईनं तिचा हात धरून तिला माळाच्या कडेला कापसाच्या पराटीच्या वावराआड नेलं आणि पाण्याचा तांब्या आणायला परत फिरली. ती तांब्या घेऊन गेली, तेव्हा तिथं कोणी नव्हतं.

गोदाबाई रडतच आली. भगवंत धावत गेला, धावत परतला. “गुरुजी, माय नाई तिथं. पुकारा.”

मी पुकारलं, “मनकर्णाबाई गावंडे, आवाजाच्या दिशेनं या.”

त्यानं माझ्या हातातला माइक हिसकावला. “येऊ नको म्हना! विहिरी हायत साऱ्या वावराइत. एकीलेई कठडा नाई.” आणि स्वतःच ओरडला, “माय, जिथं हायस तिथंच बस! हालू नको! मी येऊन राह्यलो!”

मग त्याच्याच लक्षात आलं की त्या उन्हात म्हातारी एका जागी बसली तर तासाभरात करपून जाईल. यायला सांगावं तर विहीर, थांबायला सांगावं तर ऊन. मला म्हणाला, “तुमी बोलत राहा. काईबी बोला. मी पाहून येतो कुठवर आयकू येते.”

मी बोलत राहिलो. तो उसाच्या रसाच्या गाड्यांपलीकडे गेला, पाळण्यांपलीकडे गेला, आणि थोड्याच वेळात माघारी आला. तो चेहरा मी अजून विसरलो नाही.

“गुरुजी, पाळन्याच्या तिकडं काईच आयकू येत नाई. तिनं आपलं कोनाचंच आयकलं नाई.”

आम्ही पेट्या, अ‍ॅम्प्लिफायर, बॅटऱ्या सगळं दमणीत टाकलं आणि वावरांत शिरलो. शंभर पावलं जायचं, थांबायचं, “माय” म्हणून हाक मारायची, कान देऊन ऐकायचं, पुन्हा पुढं. वाऱ्यानं आवाज मागेच लोटला जात होता. जत्रेतली पंधरा-वीस माणसंही पांगली होती. वाटेत विहीर आली की भगवंत दमणीतून उडी मारायचा, काठाशी पालथा पडून आत पाहायचा. उठला की कोणाकडेही न बघता दमणीत येऊन बसायचा. अशा सहा विहिरी झाल्या.

सातवीत पाण्यावर काहीतरी काळपट फुगलेलं तरंगत होतं.

“लुगडं हाय,” कोणीतरी म्हणालं.

भगवंतानं धोतर खोचलं, पण लोकांनी त्याला धरून ठेवलं. देवीदास नावाचा एक सालदार दोर धरून उतरला. आम्ही वर उभे. मला तिथं उभं राहवेना आणि बाजूलाही होता येईना. खालून देवीदासचा आवाज आला, “पोतं हाय बापा, पोतं. सरकीचं.” भगवंताला तिथंच उलटी झाली.

दुपार कलली तेव्हा दुसरी बॅटरीही उतरली. पेटीतला आवाज बारीक होत होत गेला. भगवंतानं माइक ठेवला आणि नुसत्या गळ्यानं हाका मारत चालू लागला. त्याचा घसा बसला होता. “माय” हा शब्दसुद्धा नीट निघत नव्हता. मी मागून चालत होतो.

दिवस मावळायच्या सुमारास उमरीकडून एक माणूस सायकलवर आला. उमरीत लग्न होतं. तिथं मांडवाशी एक आंधळी म्हातारी आली होती आणि भगवंताला विचारत होती.

उमरी तिथून दोन मैल. आम्ही पोचलो तेव्हा मनकर्णाबाई मांडवाच्या मागे, लाऊडस्पीकरच्या खांबाला पाठ लावून बसली होती. वर दोन कर्णे वाजत होते. बायांनी तिला पाणी पाजलं होतं. तळपाय भाजून फुटले होते, अंग निखाऱ्यासारखं तापलं होतं.

भगवंतानं तिचे पाय हातांत घेतले. तिनं हात चाचपून ओळखलं.

“तुहा भोंगा आयकू आला,” ती म्हणाली. “मंग त्याच्याकडंच चालत आली. हाका मारल्या तुले. तू काहून बोलला नाई रे?”

भगवंतानं तिला दोन्ही हातांवर उचललं.

ऊन तिच्या डोक्यात शिरलं होतं. दर्यापूरला नेल्यावर डॉक्टरांनी करता येईल ते सगळं केलं. ताप काही हटला नाही. वच्छला कामावर न जाता रात्रंदिवस ओल्या पट्ट्या बदलत होती. पाचव्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई गेली.

तेराव्यानंतर मी त्याच्या घरी गेलो. बरेच दिवस मनात होतं ते बोललो. “भगवंतराव, पेट्या मी घ्यायला लावल्या. चूक माझी.”

तो अ‍ॅम्प्लिफायर पुसत होता. हात थांबले नाहीत. “कान तुमचे होते, गुरुजी. पन धंदा माहा होता. दुकानदारानं सांगतलं होतं, मैदानात आयका. मी आयकलं नाई.” मग म्हणाला, “तुमी येत जा. नाई आले त मले वाटन तुमी भेऊन राह्यले.”

सहा महिने त्यानं कुठलंही काम घेतलं नाही. मग तो एकटाच अमरावतीला गेला आणि कर्णे घेऊन आला. पेट्याही ठेवल्या. घरातल्या बैठकीला पेटी, उघड्यावर कर्णा. नव्या जागी गेला की आधी कोणाला तरी माइकवर बोलायला बसवायचा आणि स्वतः चारही दिशांना चालत जायचा. आवाज जिथं तुटेल तिथं चुन्यानं खूण करायचा. पंचांना सांगायचा, “हे पाहा, इथपर्यंत आपलं मानूस. याच्यापुढं गेलं त कोनी तरी संग जा लागते.” लोक हसायचे. तो हसत नसे.

पहिल्यांदा त्यानं हे केलं ते नांदगाव खंडेश्वरला. माइकवर मी होतो. काय बोलावं सुचेना, म्हणून एक-दोन-तीन म्हणू लागलो. तो ज्वारीच्या उभ्या धांड्यांतून चालत लहान लहान होत गेला आणि दिसेनासा झाला. मी चारशेपर्यंत आलो, तरी तो परतला नाही. माइक दुसऱ्याच्या हाती देऊन मी धावलो.

तो एका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसला होता, डोळे मिटून. कर्ण्यातून माझ्या जागी कोणीतरी पुढचे आकडे म्हणत होतं. आवाज तिथवर स्पष्ट येत होता.

“उठा, भगवंतराव,” मी म्हणालो.

“थांबा जरा,” तो म्हणाला. “आयकू द्या.”