सिद्रामप्पाची तरंगती वीट

"सर, विमानं होती त्या जुन्या लोकांकडं. तुम्ही न्हाई म्हणून काय होतंय?"

"आप्पा, विमानं होती, तर मग जमिनीतून खापराच्या बाहुल्याच का निघतात? एखादा नटबोल्ट निघायला पाहिजे का नको?"

"नटबोल्ट भंगारवाल्यानं नेले असतील."

पोरं जेवता जेवता खो खो हसायली. मी आत भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी करपली तरी कान बाहेरच होते, कारण भांडण रंगात आलं होतं.

"बरं, विमान ठेवा बाजूला," सिद्राम म्हणाला. "ही वीट बघा. दगड बुडतो, आताच्या भट्टीतली वीट बुडती, माझी तरंगती. जुन्या लोकांनी केलेली हाय. ते लई फुडचे लोक होते. ते गेले आन् त्यांची विद्याबी गेली. संपलं."

"विद्या कुठं जाते? मातीत साळीचा भुसा कालवायचा आणि भाजायचं. भुसा जळून जातो, आत भोकं राहतात, भोकांत हवा. झाली तरंगती वीट. कुणीही करू शकतं."

"कुणीबी?"

"कुणीही. तुम्हीसुद्धा."

एवढं ऐकून माझा भाऊ भरलं ताट सोडून उठला. पोरांना वाटलं, आप्पा हरले म्हणून रुसले. हरायला तो कधी भ्याला नाही. पत्त्यात तर रोजच हरायचा.

सिद्रामप्पा माझा धाकटा भाऊ. लातुरात माझी खानावळ होती. बारावीचं पोरगं लातुरात ठेवायचं, अशी तेव्हा लाट आली होती. किनवट, अर्धापूर, कुठून कुठून पोरं यायची. ज्याच्याकडे रिकामा गोठा होता त्याने गोठ्याला फरशी बसवून वसतिगृह काढलं. एवढी पोरं जेवणार कुठे? मी भाकऱ्या थापायची आणि सिद्राम सायकलवर डबे पोचवायचा. अमृतराव सर मूळचे हदगावकडचे. आमच्या शेजारच्या इमारतीत त्यांचे फिजिक्सचे क्लास होते आणि जेवायला ते आमच्याकडे. माणूस लाख मोलाचा, पण जिभेला हाड नव्हतं. सिद्रामने तोंड उघडलं की हे त्यात खोट काढायला बसलेलेच.

आता विटेचं सांगते. त्याआधी माळवदाचं सांगितलं पाहिजे.

आमच्या माहेरी घरं म्हणजे जाड दगडी भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छप्पर. दरसाल मृगाच्या आधी त्यावर पांढरी माती टाकून चोपायची, म्हणजे पावसात गळत नाही. खालची जुनी माती कुणी काढत नसे. आजोबाची माती, तिच्यावर बापाची, तिच्यावर आपली. ज्याचं माळवद जाड त्याचं घर भक्कम, असं सगळा गाव मानायचा. सोयरीक करायला आलेले पाहुणे आधी वर चढून माळवद बघायचे आणि मग मुलगा.

एका साली नागाबाईच्या, म्हणजे सिद्रामच्या बायकोच्या, अंथरुणावर पाणी टपकायला लागलं होतं. ती म्हणाली, ह्या कोपऱ्यावर अवंदा जरा जास्त टाका. त्याने हौसेने टाकली. ती खालून मातीच्या पाट्या द्यायची आणि तो वर चोपायचा. गणपती बुडवून लोक झोपले आणि किल्लारीचा भूकंप झाला. सिद्राम ओट्यावर झोपला होता म्हणून वाचला. नागाबाई त्याच कोपऱ्याखाली सापडली.

पुढे नवं गाव वसवायला पाया खोदला, तेव्हा खालून जुनी खापरं निघाली आणि त्यांत ही वीट. दिसायला साधीच, जरा रुंद, करड्या रंगाची. सिद्रामने हौदावर धुवायला नेली तर ती हातातून सुटली, खाली गेली आणि परत वर येऊन डुलायला लागली. नव्या गावातल्या घराला कुलूप घालून तो माझ्याकडे आला, तो एका पिशवीत धोतरं आणि दुसऱ्या पिशवीत वीट घेऊन. मी विचारलं, "भांडीकुंडी?" तर म्हणाला, "हीच हाय."

वीट खानावळीच्या दाराशी तांब्याच्या घंगाळात राहायला आली. येणाऱ्याजाणाऱ्या पोराला तो सांगायचा, जुन्या लोकांची अख्खी घरं ह्या विटांची होती. भुई हलली तरी माणूस मरायचं नाही, अंगावरची वीट बाजूला सारून उठायचं आन् दात घासायला जायचं. मग हळूहळू त्या लोकांना विमानंही आली. मी एकदा म्हटलं, "सिद्राम, एवढं सगळं होतं तर ती माणसं गेली कुठं?" तो म्हणाला, "त्येच तर कोडं हाय अक्का."

मला कोडंबिडं वाटलं नाही. ते लोक देवासारखे होते आणि त्यांची विद्या भुईने गिळली, असं असलं तर सिद्रामचं काय चुकलं? जे साऱ्या मुलखाला ठाऊक नाही, ते त्याला कुठून ठाऊक असणार? पण सर म्हणतात तसं ते कुणालाही जमणारं असेल, तर त्यालाही जमायला हवं होतं. विमानाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त नागाबाईच्या डोक्यावर आपण माती घातली नाही, एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं.

सरांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी हट्टच धरला. व्यंकटी भट्टीवाल्याला गाठून मातीत भुसा कालवून विटा भाजायला लावल्या. पहिल्या खेपेच्या विटांचा हातात घेताच चुरा झाला. दुसऱ्या खेपेला एक नीट निघाली. ती रुमालात गुंडाळून, नवरदेवाच्या थाटात सर खानावळीत आले. पोरं घंगाळाभोवती गोळा झाली. सरांनी वीट पाण्यात सोडली आणि ती तरंगली. जुन्या विटेला जाऊन टेकली आणि दोघी मिळून डुलायला लागल्या.

पोरांनी टाळ्या पिटल्या. "काय आप्पा?" सर म्हणाले. "आता बोला! कुणीही करू शकतं का नाही?"

सिद्रामने सरांची वीट बोटाने दाबून पाहिली, ती परत वर आली. मग म्हणाला, "करू शकतं सर. मग मी का न्हाई केली?"

"म्हणजे?"

"माझ्याकडं माती होती. साळीचा भुसाबी होता, म्हशीला घालायचो. मी माती तशीच नागीच्या डोक्यावर नेऊन टाकली. चोप चोप चोपली. वरून तिलाच इचारलं, बास का आनखी टाकू."

टाळ्या थांबल्या. सिद्रामने डब्याच्या पिशव्या सायकलला अडकवल्या आणि तो निघून गेला. सरांनी त्या दिवशी ताट घेतलं नाही. मला म्हणाले, "अक्का, तुम्ही सांगायचं तरी मला."

"तुम्ही दुसऱ्याला बोलू देता व्हय?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आले आणि म्हणाले, "आप्पा, जरा वर चला माझ्याबरोबर." मीही गुडघे धरत मागून गेले. त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर वाळूचा ढीग पडला होता, विटा रचल्या होत्या आणि खांबांच्या सळया आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या.

"हे काय हाय?" सिद्रामने विचारलं.

"मजला. खालचा पाया दोनच मजल्यांचा आहे. मी तिसरा चढवून राहिलो."

"कशाला?"

"पोरं येऊन राहिली. जागा पुरंना. आणि," सरांनी हनुवटीने पलीकडे दाखवलं, "समोरच्याचे चार झाले."

सिद्रामच्या ओठावर हसू आलं. "आमच्यातबी तसंच होतं. समोरच्याचं माळवद जाड दिसलं का आमच्या पोटात दुखायचं."

"आप्पा, वजन म्हणजे काय, ते मी रोज फळ्यावर लिहितो. पोरं त्याच्यावर मार्क घेतात. मला कळत असून मी हे करून राहिलो. तुम्हाला सांगायला गावात कुणी आलं होतं का कधी? की बाबांनो, जुनी माती आधी काढा म्हणून?"

"न्हाई."

"मग तुम्ही कशाचा एवढा हिशेब धरून बसलात?"

सिद्राम वाळूच्या ढिगावर टेकला आणि पंच्याने तोंड पुसत राहिला. सर त्याच्या शेजारी वाळूतच बसले. त्यांची पँट काळी होती, सगळी माखली. मग सळयांकडे बोट करून सिद्राम म्हणाला, "सळया?"

"कापून टाकतो."

आणि खरंच कापल्या. वर पत्र्याची खोली केली. उन्हाळ्यात पोरं तिला भट्टी म्हणायची आणि सरांच्या नावाने खडे फोडायची. सरांनी ऐकून घेतलं. ह्या एकाच बाबतीत त्यांना कुणाचं ऐकून घेताना मी पाहिलं.

भांडण काही मिटलं नाही. दोघांना त्याची चटक लागली होती. सिद्राम म्हणायचा, ते लोक फुडचे होते. सर म्हणायचे, ते भुसेवाले होते. पण आता भांडून झाल्यावर दोघं एका ताटातला शेंगदाण्याचा ठेचा पुसून खायचे.

एक गोष्ट मला नंतर कळली. एका सकाळी लवकर उठले, तर चुलीच्या कडेला दोन्ही विटा उभ्या करून ठेवलेल्या आणि सिद्राम त्यांना भाकरीसारखं उलटून शेकत होता.

"हे काय रं?"

"सरांची रात्रीतून पाणी पिती अक्का. सकाळी तळाला बसलेली असती. पोरांनी बघितली तर सरांना खायला उठतील."

"आन् तुझी?"

तो खाली मान घालून हसला. "तीबी पिती. पहिल्या दिवसापासून."

म्हणजे इतकी वर्षं ती फुडच्या लोकांची वीट रोज सकाळी माझ्या चुलीवर वाळत होती आणि मी मागाहून उठून त्याच चुलीवर चहा उकळत होते. सरांना एका दिवसात हरवायचा डाव त्याच्या हातात होता. तो कधी खेळला नाही. उलट आधी एक वीट वाळवायचा, आता दोन वाळवायला लागला.

पुढे लातुरात काचेच्या इमारतीतले थंडगार क्लास आले. सरांची पोरं पांगली. त्यांना साखरेचा आजार जडला, पाय चालेना. ते घरीच बसले आणि सिद्राम त्यांचा डबा घरी पोचवायला लागला. खानावळीतही तुरळक पोरं उरली. विटा बघायला कुणी थांबत नव्हतं. तरी त्याचं वाळवणं चालूच होतं. मी म्हणायची, "आता कुणाला दाखवायच्यात रं?" तो म्हणायचा, "सर इचारतात की."

संक्रांत होऊन गेली होती. एका दुपारी तो जेवून आडवा झाला आणि परत उठला नाही. पण त्या दिवशीची सकाळ नेहमीसारखीच होती. चूल पेटवली, विटा काढून निथळल्या, उलटूनपालटून शेकल्या. घंगाळ घासलं, ताजं पाणी भरलं, आधी सरांची सोडली, मग आपली. डब्यात ज्वारीची भाकरी आणि मेथी भरून घेतली. गूळ नको म्हणून मला दोनदा बजावलं. सायकल आता जमत नव्हती, म्हणून पायीच गेला.

सर दाराशी खुर्ची टाकून बसलेले असायचे. त्या सकाळचं बोलणं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

"काय आप्पा, माझी काय म्हणती?"

"तरंगायली की सर."

"आणि तुमची?"

"तीबी."

"भुसा आहे तो आप्पा, भुसा."

"असंल. पण लई फुडचा भुसा हाय."

मग कालचा रिकामा डबा घेऊन तो घरी आला, घासला आणि ओट्यावर पालथा घातला.