मागे पडलेले ठोके

दुपारी दोनच्या सुमाराला भालचंद्र कणसेच्या पापण्या जड होतात. कराडच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत तो खुर्चीवर बसला आहे, कानांवर हेडफोन, आणि पंखा बंद. नुसतं ऐकायला पंख्याची काय अडचण? पण बावीस वर्षं याच खोलीत माइक लावून गाणी रेकॉर्ड केली, त्यामुळे दार ओढलं की हात आपसूक पंख्याच्या बटणाकडे जातो. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगलेल्या आहेत. कोपऱ्यात कपडे वाळत घालायच्या स्टँडवर आणखी एक जाड गोधडी आहे. तिच्यामागे, पण भालचंद्राला दिसेल अशी, चांगुणा बसायची.

चांगुणा त्याची बायको. जाऊन आठ महिने झाले. ती दिमडी वाजवायची. ताटलीएवढं, एका बाजूनं कातडं मढवलेलं ते वाद्य डाव्या हातात धरायची आणि उजव्या हातानं वाजवायची. वडील खंडोबाच्या जागरणात वाजवत, त्यांच्याकडून शिकली. लहानपणी रसाच्या चरकात तिची डावी करंगळी अर्धी गेली होती. "धरायला करंगळी कशाला लागती?" म्हणून हसायची.

निरंजन पोळ नावाच्या पोरसवदा गायकाला त्याचं गाणं आज संध्याकाळपर्यंत हवं आहे. त्यात तिची शेवटची दिमडी आहे. गाणं तयार आहे, फक्त पाठवायचं आहे. आणि ते भालचंद्राच्या हातून पाठवलं जात नाही, कारण त्यात त्यानं केलेली एक गोष्ट जगात त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. गेल्या वर्षीच्या माघापासून चांगुणाचे ठोके केसभर मागे पडायला लागले होते. पडद्यावर ते स्वच्छ दिसायचं. भालचंद्र एकेक ठोका माऊसनं उचलायचा, पुढे सरकवायचा आणि मग तिला ऐकवायचा. जिच्या तालावर अख्खी गावं रात्र जागली, तिला "हात मागे पडतोय" हे सांगायचं कुणी? आषाढात डॉक्टरांनी मेंदूतल्या गाठीचा फोटो दाखवला आणि विचारलं, "हात जड पडतोय, असं कधी जाणवलं नाही? चार महिने आधी यायला हवं होतं."

तेव्हापासून भालचंद्राचा चांगुणावर संशय आहे. तिला कळत होतं आणि तिनं लपवलं. दुसरा संशय कुणावर घ्यावा, याचा तो विचार करत नाही. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते उगाच नाही.

गाणं चौथ्यांदा सुरू होतं. दिमडी येते. हेडफोनमध्ये कुणीतरी अगदी जवळून म्हणतं, "ह्यो माझा ठोका न्हाई."

कोपऱ्यातली गोधडी बाजूला झालेली आहे. चांगुणा टेबललॅम्पच्या उजेडात दिमडी धरून कातडं शेकते आहे, नेहमीसारखी. शेजारी हातांना लावायच्या पावडरचा डबा. भालचंद्राच्या मनात पाल चुकचुकते. तो आधी तिच्या पायांकडे बघतो.

"बघा, बघा," ती म्हणते. "सरळच हायत."

"मी कुठं बघतोय?"

"मग काय फरशी पुसायचा इचार हाय?"

बोलणं तिचंच. पण म्हणून विश्वास कसा ठेवायचा? भालचंद्राच्या थोरल्या बहिणीनं, सुमनअक्कानं, बाराव्यालाच बजावलं होतं. गेलेलं माणूस स्वप्नात काही देत असलं तर घे, मागत असलं तर देऊ नको, आणि बोलावलं तर मुळीच जाऊ नको.

"चहा टाकू?" तो विचारतो आणि जीभ चावतो. पहिल्याच फटक्यात द्यायला निघाला.

"चा नगं. माझं घेतल्यालं द्या."

"मी काय घेतलंय तुझं?"

ती उठून चालायला लागते. भालचंद्र जागचा हलत नाही, खुर्चीचे हात घट्ट धरून बसतो. पण खुर्चीच आता दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात आहे. भिंतींवर त्याच्याच गोधड्या आहेत. तो खाकरून बघतो. इतक्या मोठ्या व्हरांड्यात आवाज घुमायला हवा, तो घुमत नाही. इथं काहीतरी पाणी मुरतंय. समोर डॉक्टरांची उजेडाची पाटी आहे आणि तिच्यावर मेंदूच्या फोटोऐवजी ठोके उमटले आहेत, ओळीनं, त्याच्या पडद्यावर दिसतात तसे.

"ह्यो," चांगुणा बोट ठेवत जाते, "ह्यो, आनि ह्यो. मी मागं टाकल्याले. पुढं कुनी ढकलले?"

भालचंद्राला राग येतो. आठ महिने साठवलेला राग.

"तू सांगितलं का नाहीस? तुला कळत होतं!"

"व्हय. हात जड वाटायचा."

"मग?"

"मग काय? वाजवून झालं की तुमी ऐकवायचा. मी कान दिऊन ऐकायची. सगळं जाग्यावर. म्हनलं, मनाचे खेळ असत्याल. हात जड वाटतोय खरा, पर पडतोय की जाग्यावर."

व्हरांडा आता तिच्या माहेरचं अंगण आहे, उसाचं पाचट जळतं आहे आणि ती जाळावर दिमडी फिरवते आहे.

"जेष्ठात उजवा उचलंनाच," ती म्हणते. "म्हनलं वात असंल. शेवटची तीन गानी दिमडी मांडीत धरून डाव्यानं वाजवली."

"खोटं!" तो जवळजवळ ओरडतो. त्याला एकदम बरं वाटतं. सापडली! ही चांगुणा नाहीच. "अर्ध्या करंगळीच्या हातानं? माझ्यासमोर? मला कळलं नसतं?"

"तुमी पडद्याकडं बघत हुता."

"मी नाही मानत."

"मला नगा मानू. दिमडीला इचारा."

ती डावा हात पुढे करते. तीन बोटं पूर्ण, चौथं अर्धं. "द्या," ती म्हणते. भालचंद्र दोन्ही हात पाठीमागे लपवतो. ती चिडत नाही, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटते. ती हातांवर पावडर घेते आणि टाळी वाजवते. पांढरा धुरळा उडतो, त्याच्या नाकात जातो, आणि तो खोकत जागा होतो.

पावणेतीन झाले आहेत. गाणं केव्हाच संपलं आहे. टेबललॅम्प बंद आहे. गोधडी जागच्या जागी.

स्वप्नातल्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतं? तो स्वतःला असं दोनदा विचारतो. मग उठून खिळ्यावरची पिशवी काढतो. शेवटच्या गाण्याच्या दिवशी चांगुणानंच दिमडी आत घातली होती आणि चेन ओढली होती. नंतर ती उघडायची त्याची छाती झाली नाही. चेन अडखळत उघडते. कातडं सैल पडलं आहे. तो दिमडी खिडकीशी नेतो, गोधडी सारून उन्हात तिरपी धरतो.

कातड्यावर, ठोका पडतो तिथंच, पावडर आणि घाम मिळून वाळलेले पांढरे ठसे आहेत. तीन बोटं पूर्ण. चौथं अर्धं.

भालचंद्र मोठ्यानं रडतो. गोधड्या ते रडणं पिऊन टाकतात, शेजारच्या घरात काही जात नाही.

मग तो तोंड धुऊन येतो. संगणकावर तिचं मूळ रेकॉर्डिंग अजून आहे. तो आपले ठोके पुसतो आणि तिचे परत जागेवर ठेवतो, म्हणजे जिथं तिनं टाकले होते तिथं. मागितलं तर देऊ नको, असं अक्का म्हणाली होती. अक्काला काय माहीत, हे होतंच कुणाचं? साडेचारला गाणं जातं. पाच वाजता निरंजनचा फोन येतो.

"काका, गाणं मिळालं. छान झालंय. एक विचारू? रागावू नका. काकूंचा हात... मागं पडतोय का हो?"

भालचंद्र दिमडी मांडीवर घेऊन बसला आहे, ठशांना धक्का लागणार नाही अशी.

"पडतोय," तो म्हणतो. "माघापासून पडतोय."