साहेबरावांच्या कॉम्प्युटरची घरघर

हर्सूलच्या साहेबरावांना हळू बोलता येत नाही. म्हणजे येतच नाही. बळंच प्रयत्न केला तर ठसका लागतो. उभी हयात एसटीत कंडक्टरकी केलेली, तीही पिशोरच्या गाडीवर, जिच्यात इंजिनापेक्षा खिडक्या जास्त बोंबलायच्या. रिटायर होताना तिकिटाचं मशीन डेपोत जमा झालं, बिल्ला जमा झाला, पण आवाज कुठं जमा करणार? तो घरी आला. आता घरात नवरा-बायको दोघंच, तरी साहेबरावांनी पाणी मागितलं की शेजारीण विचारायची, "आमच्याकडनं देऊ का?"

मग या आवाजाचं काहीतरी करावं म्हणून त्यांनी बंद पडलेल्या सायबर कॅफेतला जुना कॉम्प्युटर आणला, एक माइक आणला, आणि फेरीवाल्यांच्या भोंग्यासाठी जाहिराती भरून द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक एकच, पारूबाई. तिची भाजीची लोडिंग रिक्षा, नवरा चालवणार, ती मागं बसून तोलणार. पण तेवढ्यावरही गडी खूश होता. गल्लीतून आपला आवाज फिरतोय म्हटल्यावर साहेबराव छाती काढून दारात उभे राहायचे.

उन्हाळा लागला आणि कॉम्प्युटरला घरघर लागली. साधीसुधी नव्हे हो, घर्रर्रर्र! ती घरघर माइकमध्ये शिरली, माइकमधून पेन ड्राइव्हमध्ये आणि तिथून भोंग्यात. दुसऱ्या दिवशी पारूबाई दारात.

"जयभीम भाऊ. तुम्ही काय भरलं हो त्याच्यात? बाया गव्हाचे डबे घेऊन पळत येऊ लागल्या! फिरती गिरणी आली म्हणत्यात!"

"इंजिनचा आवाज असंल," साहेबराव गरजले.

"वरडू नका. आज साफ करून द्या, नायतर उद्यापासून मोबाईलमधल्या त्या बाईचा आवाज लावते. ती बिचारी गोड बोलती."

मोबाईलमधली बाई! साहेबरावांच्या वर्मी बसलं ते. जी बाई नाहीच, तिनं हर्सूलच्या गल्ल्यांतून भाजी विकायची आणि आपण दारात बसून ऐकायचं? त्यांना जेवण गेलं नाही. आधी त्यांनी खिडकीतला कूलर बंद केला. घामानं निथळत ऐकलं, तर घरघर जशीच्या तशी. मग कॉम्प्युटरवर दोन थापा हाणल्या. एसटी कधीकधी थापेनं सुधरायची, पण हा गडी जास्तच बोंबलू लागला.

शेवटी इलियासभाई मेकॅनिकला बोलावलं. त्यानं डब्याच्या पाठीमागं कान लावला आणि म्हणाला, "चच्चा, पॉवर सप्लाय का फॅन गया. बुश घिस गई उसकी."

"तेल घालू का? शिवणयंत्राचं हाय घरात."

"नक्को! दो दिन चुप बैठेंगा, फिर रोएंगा." त्यानं वायर काढली, पण लगेच हात घातला नाही. "थोडा ठैरो. इसके अंदर करंट बैठेला रैता." करंट बसलाय म्हटल्यावर साहेबराव भिंतीला चिकटून उभे राहिले. थोड्या वेळानं पेटी उघडली, तर आत धुळीची अशी गादी की मांजर व्यायली असती. इलियासभाईनं ब्रशनं झाडलं, जुना पंखा काढला, नवा तशाच आकाराचा बसवला, वारा कुठल्या बाजूला जातो ते कागदाचा कपटा धरून पाहिलं आणि स्क्रू पिळले.

बटण दाबलं. आवाजच नाही.

"स्टार्ट झाली नाय," म्हणून साहेबरावांनी पुन्हा बटण दाबलं. चालू झालेला कॉम्प्युटर बिचारा बंद पडला. पुन्हा चालू केला, आवाज नाही, पुन्हा दाबायला गेले तसा इलियासभाईनं त्यांचा हातच धरला. "चच्चा, चालू है! चालू चीज चिल्लाती नै हमेशा!"

इलियासभाई गेला, आणि साहेबराव माइकपुढं बसले. "ए काकडीऽऽऽ!" ऐकून पाहिलं तर आवाज फाटलेला. घरघरीवर मात करायला आवाज चढवायची सवय लागलेली, आता ते उगाच ओरडत होते. हळू बोलले तर ठसका. पुन्हा ओरडले, पुन्हा फाटला. कपाळाला हात लावून ते बसले. खरंच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्यांच्या बायकोला, कडूबाईला, राहवलं नाही. ती स्टूल ओढून माइकच्या पलीकडं बसली. "अवो, भरल्या एसटीला नका सांगू. मला सांगा."

"तुला काय म्हणून सांगू?"

"नाव हाय की मला."

झाली का पंचाईत! लग्न झाल्यापासून 'ए', 'अगं', लईच लाडात असले तर 'ऐकलं का'. नावानं हाक कधी मारलीच नव्हती. साहेबरावांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि इतक्या हळू बोलले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "कडू... काकडी आली गं. कडू... दोडकी आली. ताजी हाय बघ."

ठसका लागला नाही. आवाज फाटला नाही. कडूबाई लाजून स्वयंपाकघरात पळाली. साहेबरावांनी ते रेकॉर्डिंग कितीदा तरी ऐकलं, पण घरघर शोधत ऐकलं. आणि त्या घरात कडू म्हणजे माणूस, चव नव्हे, त्यामुळं कुणाच्या काही ध्यानात आलं नाही.

सकाळी भोंगा हर्सूलभर फिरला. आवाज कसा, अगदी आरशासारखा लख्ख. "कडू काकडी आली गं. कडू दोडकी आली."

रिक्षा येऊन साहेबरावांच्या दारात करकचून थांबली. भोंगा तसाच चालू. पारूबाई हातात काकडी घेऊन उतरली. "भाऊ! माझ्या मालाला कडू म्हणता? सकाळधरनं एक बाई हात लावंना! एकीनं तर चावून बघून थुकली!"

साहेबरावांचा चेहरा पडला. मोबाईलमधली बाई आता येणारच, हे त्यांना कळून चुकलं. "पारूबाई, चुकलं माझं. नाव काढून देतो, आत्ता देतो..."

"काढायचं नाय."

कडूबाई दारात उभी होती. पदराचं टोक दातांत धरलेलं, नजर त्या भोंग्यावर.

"अगं, पण काकडी..."

"काकडी मी घेते. दोडकी बी घेते. सगळी टोपली उतरव पारू, पण माझं नाव राहू दे."

पारूबाईनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा साहेबरावांकडं पाहिलं, आणि तिचा सगळा राग हसण्यात गेला. तिनं नवऱ्याला भोंगा बंद करायची खूण केली.

"बंद नको करू गं," कडूबाई म्हणाली. "अजून एकदा वाजू दे."