साहेबांमार्फत

ताईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. भांडणारे, रडणारे, उगाच हवापाण्याच्या गप्पा मारणारे, किती लोकांची बोलणी त्यांनी जोडून दिली याची गणतीच नाही. आणि याच ताई घरी सख्ख्या धाकट्या भावाशी एक अक्षर बोलत नव्हत्या. बरं, भाऊ दूर कुठे राहत होता म्हणावं तर तेही नाही. दोघांचं घर एक, स्वयंपाकघर एक, कपबश्या विसळायचा नळसुद्धा एकच.

भाऊ शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन आणि कापड बेतायचं मोठं टेबल, मागच्या दोन खोल्यांत संसार. संसार म्हणजे तरी काय, मास्तरांनी लग्न केलंच नाही आणि ताई नवरा गेल्यावर इथे राहायला आल्या. येताना त्यांनी नवऱ्याचा लोकरी कोट तेवढा आणला आणि कपाटात टांगला. घोटाळा तिथे झाला. शिंप्याच्या नजरेला कपाटात टांगलेला कोट म्हणजे वाया चाललेलं कापड. ताई काही दिवस नणंदेकडे गेल्या तेव्हा मास्तरांनी तो उसवला, खांदे आत घेतले, बाह्या आखूड केल्या आणि थंडीचे दिवस म्हणून अंगात घालून कामाला बसले. ताईला बघून बरं वाटेल, असं या शहाण्या माणसाला मनापासून वाटलं होतं. ताई दारातून आत आल्या, त्यांनी कोट पाहिला, पिशवी खाली ठेवली आणि गप्प झाल्या. गप्प झाल्या त्या झाल्याच.

पण एका छपराखाली अगदीच न बोलता भागत नाही. गॅस संपतो, दूध नासतं, गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं. तेव्हा कामाला आला बोका. टेबलाखालच्या चिंध्यांत जन्मलेला, राखाडी, गोल तोंडाचा. कुणाच्याही नव्या कपड्यांवर तो असा ऐसपैस बसायचा की त्याचं नाव साहेब पडलं, आणि त्याला अरेतुरे करायची कुणाची छाती झाली नाही.

"साहेब, तुमच्या मामाला सांगा, चहा गार होतोय."

"साहेब, तुमच्या आईला सांगा, गिऱ्हाईक बसलंय. झाकून ठेवा."

साहेब मधे बसून पंजा चाटत. निरोप पोचायचा. एकदा मास्तरांनी त्याच वाटेने मोठा निरोपही धाडला. कोट पुन्हा सैल करायला त्यांनी हरतऱ्हा केल्या होत्या, पण कापून टाकलेलं कापड कुठून आणणार? जमेल तेवढा नीट करून त्यांनी तो कपाटात परत टांगला आणि मान खाली घालून म्हणाले, "साहेब, मामाचं चुकलं म्हणावं आईला."

ताईंचा राग तोवर निम्मा विरला होता. तेव्हा एक मऊ शब्द बोलल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. पण जीभ ऐकेल तर ना!

"साहेब, मामाला सांगा, मांजराला सांगून चूक फिटत नसते."

मग मास्तरही फुगून बसले. पुढे ताईंचा उरलेला रागही कधीतरी निघून गेला. कधी ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. फक्त आधी कोण बोलणार, इथे घोडं अडलं होतं, आणि साहेबांमार्फत सगळं सुरळीत चालल्यामुळे कुणाला घाईही नव्हती. अशी वर्षं गेली.

मग साहेब पाणी प्यायला लागले. वाटीभर संपलं की बादलीत तोंड, बादली झाकली की नळाखाली. वाळूचा ट्रे सारखा ओला. खाणं दुप्पट आणि अंगावर मात्र हाडं दिसायला लागली. उडी मारायचे ते टेबलाच्या काठावरून घसरायला लागले, मागचे पाय टाचांपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागले. दोघं मिळून त्यांना जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. रक्त तपासून बाई म्हणाल्या, "मधुमेह आहे."

मास्तरांना हसूच आलं. "मांजराला? अहो, गोड तर हे तोंडात घेत नाहीत."

"गोड खाऊनच होतो असं कुणी सांगितलं?" बाईंनी इन्शुलिनची बाटली पुढे ठेवली. ती फ्रिजमध्ये ठेवायची, हलवायची नाही, तळहातांमध्ये हलकेच फिरवायची. सकाळ-संध्याकाळ आधी खायला घालायचं, मग सुई. "आणि हे नीट ऐका. खाल्लं नाही किंवा खाल्लेलं ओकून टाकलं, तर नेहमीची सुई द्यायची नाही. आधी मला फोन. पोट रिकामं असताना सुई गेली तर साखर इतकी उतरते की जीव जाऊ शकतो. घरात दोघं आहात ना तुम्ही? मग काही अवघड नाही."

दोघांनी मान हलवली, एकमेकांकडे न बघता.

सकाळची सुई मास्तरांकडे आली, संध्याकाळची ताईंकडे. मास्तरांचा हात काय, सुईचाच. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरायचे आणि साहेबांना कळायच्या आत काम उरकायचे. ताईंना सुई टोचवेना. चार दिवस त्यांनी संत्र्याला सुया टोचल्या तेव्हा कुठे धीर आला. पहिल्यांदा जमलं तेव्हा त्या पुढच्या खोलीच्या दारात येऊन मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "साहेब, मामाला सांगा, दिली बरं का सुई आईने!" आणि मशीनमागून उत्तर आलं, "साहेब, आईला शाबास म्हणा." त्या संध्याकाळी ताई भाजी चिरताना एकट्याच हसत होत्या. साहेब हळूहळू सावरले, पुन्हा टेबलावर उड्या मारायला लागले. आता एक दिवस सरळच बोलून टाकू, असं ताईंच्या मनात रोज यायचं. ते मनातच राहायचं.

त्या दिवशी सकाळी मास्तरांनी साहेबांना खायला घातलं आणि ते दुकानाचं दार उघडायला गेले. साहेबांनी वाटी चाटूनपुसून साफ केली, ताईंच्या खोलीत आले आणि पलंगाशेजारच्या सतरंजीवर सगळंच्या सगळं ओकले. ताईंनी पुसून काढलं, सतरंजी भिजत घातली आणि लगबगीने पुढच्या खोलीच्या दारात आल्या. आज सुई नको, हे सांगायला.

मास्तर टेबलावर वाकून खडूने रेघ ओढत होते. साहेब मात्र दिसेनात. खुर्चीवर नाहीत, कपड्यांच्या गठ्ठ्यावर नाहीत. ताईंच्या ओठांवर आलेलं वाक्य तिथेच थबकलं. सांगायचं कुणाला? हसू नका, अशी सवय जडली की माणूस खरंच अडतो. त्या क्षणभर चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मग त्यांना वाटलं, सुई द्यायची म्हणजे आधी साहेबांना शोधावं लागेलच, तेव्हा धाकटा हाका मारेल, तेव्हा सांगू. आणि त्या अंघोळीला गेल्या.

साहेब टेबलाखालीच होते, मास्तरांच्या पायाशी. हाक मारायची गरजच पडली नाही. वाटी रिकामी दिसली, वेळ झाली होती, मास्तरांनी सुई दिली आणि ते पुन्हा कामाला लागले. नळाच्या आवाजात ताईंना काही ऐकू आलं नाही.

सतरंजी धुऊन, न्हाऊन तासाभराने त्या केस पुसत बाहेर आल्या. साहेब स्वयंपाकघराच्या दारात आडवे पडले होते. पाय ताठ, अंगाला झटके, तोंडाला फेस, डोळे उघडे पण बघत नव्हते.

"अरे धाकट्या! धाव रे! साहेबांना बघ काय झालंय!"

गिऱ्हाइकाचं माप अर्धवट सोडून मास्तर धावत आले. "ताई, साखर! साखर आण!" ताईंनी बोट साखरेच्या पाण्यात बुडवून हिरड्यांना चोळलं, पुन्हा पुन्हा चोळलं. मास्तरांनी साहेबांना टॉवेलात गुंडाळलं आणि मिळाली त्या टॅक्सीत दोघं बसली. मास्तरांच्या गळ्यात टेप तसाच लोंबत होता.

डॉक्टरीणबाईंनी शीर शोधता शोधता विचारलं, "सुईआधी खाल्लं होतं?"

"हो तर. वाटी चाटूनपुसून रिकामी होती," मास्तर म्हणाले.

ताई तेव्हाही गप्प राहू शकल्या असत्या. सराव तर दांडगा होता. पण भावाचा चेहरा बघवेना.

"खाल्लेलं सगळं ओकले होते. माझ्या खोलीत. मी पुसून काढलं."

बाईंनी वर पाहिलं. "सुईच्या आधी? मग यांना सांगितलं नाहीत?"

ताईंनी साहेबांचा पंजा हातात घेतला. बाई ग्लुकोजकडे वळल्या. दुपारपर्यंत त्यांनी होते नव्हते ते सगळे प्रयत्न केले. दुपारी साहेब गेले.

परतताना टॉवेलातलं गाठोडं ताईंच्या मांडीवर होतं. मग ताई म्हणाल्या, "तुझा दोष नाही रे. मी सांगायला आले होते. दारापर्यंत आले होते."

"माहितेय," मास्तर म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत होते. "मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तुला. काहीतरी सांगायचं होतं, तेही कळलं. साहेब पायाशी होते. मी... मान वर केली नाही."

"विचारायचं होतंस रे."

"तू सांगायचं होतंस, ताई."

दोघांच्याही बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं ताईंना वाटलं.

चौक आला तशी टॅक्सी हळू झाली. ड्रायव्हरने आरशात बघत विचारलं, "कुठे वळू?"

"डावीकडे," दोघं एकदमच म्हणाली.

ताईंनी डोळे मिटून घेतले. सकाळी दारात उभं राहून याहून जास्त बोलायचं नव्हतं. आज सुई नको. एवढंच बोलायचं होतं.