पंपाची उठबस

लग्न होऊन दोन महिने झाले नाहीत, तोच माझ्या सासूबाईंनी ठरवून टाकलं, की मला नळ बंद करता येत नाही. कारण काय, तर विश्रांतवाडीच्या आमच्या बंगल्यामागे विहिरीवर बसवलेला पंप मी आल्यापासून सारखा चालू-बंद होत होता. घरात एकही नळ उघडा नसताना टक, घर्र, टक. की पुन्हा टक.

"पंपाला काय हौस आहे उठाबशा काढायची?" सासूबाई म्हणायच्या. "कुठेतरी पाणी जातंय. पूर्वी नव्हतं जात." मग मी भांडी घासून वळले, की त्या मागून यायच्या आणि मी बंद केलेला नळ दातओठ खाऊन आवळायच्या. स्वयंपाकघरातला, न्हाणीघरातला, सगळे.

अरे बाप्पा! मी अमरावतीकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. मोटारीच्या आवाजावरून तिचं दुखणं ओळखणारी पोट्टी मी, आणि मला नळ शिकवता? भल्ली चिडले होते. येरवड्यात भाड्याचा फ्लॅटही बघून ठेवला.

"सुटायचं म्हणून येरवड्याला कोण जातं?" नवरा म्हणाला, पण चेहरा उतरला होता त्याचा. मी सांगितलं, रविवारी पंप मी बघते. त्यानंतरही माझ्या मागून नळ आवळणं थांबलं नाही, तर आपण सामान बांधायचं.

रविवारी सासूबाई मागच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. मी घराकडे जाणारा मोठा व्हॉल्व्ह बंद केला. पंप एकदा घुरघुरला आणि गप्प झाला तो झालाच. म्हणजे विहिरीकडे दोष नव्हता, पाणी घरातच गळत होतं.

"मी काय सांगत होते?"

"थांबा हो आई, अजून संपलं नाही."

पंपाशेजारच्या प्रेशरच्या टाकीला हवा भरायचं तोंड असतं, सायकलच्या ट्यूबसारखं; त्याची टोपी काढून आतली पिन दाबली. फुस्ससुद्धा झालं नाही. त्या टाकीत हवा असली, की बारीकसारीक गळती ती सांभाळून घेते. हवा गेली, की थेंबाथेंबाला पंपाला उठावं लागतं. वीज बंद केली, टाकीतलं पाणी सोडलं आणि नवऱ्याच्या सायकलच्या पंपाने हवा भरली.

मग वीज आणि व्हॉल्व्ह पुन्हा चालू करून नळांकडे वळले. घट्ट बंद असूनही स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला ठिबकत होते. व्हॉल्व्ह परत बंद करून ते पान्याने खोलले, तर आतले रबरी वॉशर चेपून पापड झालेले, कडेने फाटलेले. गच्चीतला नळ मी रोज वापरते, गुडघ्यांमुळे सासूबाई तिथे चढत नाहीत. तो नळ मात्र कोरडा ठणठणीत.

फाटलेले वॉशर मी त्यांच्या तळहातावर ठेवले. त्याच हाताच्या मनगटाला मी रोज संध्याकाळी तेल चोळत होते. "कशाने दुखतंय कोण जाणे," म्हणायच्या. आता वॉशरकडे बघत राहिल्या, मग मनगटाकडे. मला टोमणा सुचला होता, चांगला जिव्हारी लागणारा. पण त्यांचं तोंड एवढंसं झालेलं बघून कीव आली. गिळला.

"नवे घालशील ना?" त्यांनी विचारलं.

"घालते की."

संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर मी नवा वॉशर घातलेला नळ दोन बोटांनी बंद केला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबल्या. मग हात पदरात गुंडाळून बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "तेल आण गं."