कंडक्टरची बेल

माझे सासरे कमलाकर कऱ्हाड डेपोत कंडक्टर होते. ते गेले आणि दोन हजार पाच साली आम्ही सासूबाईंना, श्यामलाबाईंना, इंग्लंडात स्लाऊला आणलं. आणलं कसलं, उचलून आणून ठेवलं! नवरा दिवसभर कामाला बेसिंगस्टोकला, मी ऑफिसात. आई काय भिंतींशी बोलणार?

नशीब, मीनाक्षीमावशी भेटल्या. त्याही कऱ्हाडच्याच. वर्षभर दर मंगळवारी आई एकट्या बसनं त्यांच्याकडे जायच्या. वीस मिनिटांचा रस्ता, पण पोचायला तास लागायचा. विचारलं की म्हणायच्या, "चालायला बरं वाटतं गं." मीही बावळट, खरं मानलं.

मग मावशी कायमच्या परत निघाल्या. टॅक्सी एक वाजता. आईंनी सकाळीच बेसनाचे लाडू वळले. "एकदा डोळे भरून बघते तिला. ती गेली की कऱ्हाडचं मी बोलू कुणाशी?" मी हाफ डे टाकला आणि बरोबर निघाले.

बसमध्ये आम्ही दोघी आणि पुढे एक म्हातारा. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, मी बोलत बसले. मान वर केली तर मावशींचा स्टॉप मागे गेलेला! आई डबा छातीशी धरून तशाच बसलेल्या.

"अहो आई, बेल का नाही दाबलीत?"

"ती कंडक्टरची असते. पॅसेंजरनं हात लावला की हे केवढे चिडायचे!"

"पण इथे कंडक्टर कुठाय?"

"नाही ना गं. दुसऱ्या कुणी दाबली तर उतरते. नाहीतर शेवटपर्यंत जाते नि चालत मागे येते."

वर्षभर! मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. पुढच्या स्टॉपला उतरून आम्ही अक्षरशः धावत आलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, टॅक्सी आत्ताच गेली. आई पायरीवर बसून लहान मुलीसारख्या रडल्या. मीही रडले.

परतताना आमचा स्टॉप आला. मी बेलकडे हात नेला, तर आईंनी तो बाजूला सारला आणि स्वतः दाबली. एकदा. बस थांबली. मला वाटलं, चला, शिकल्या एकदाच्या. पण उतरता उतरता त्यांनी दाराजवळची बेल पुन्हा दाबली, टिंग टिंग. ड्रायव्हर वैतागून काहीतरी पुटपुटला आणि बस निघून गेली.

आई फुटपाथवरून ती वळेपर्यंत बघत राहिल्या.

"डबल बेल दिल्याशिवाय यांची गाडी हलायची नाही," त्या म्हणाल्या. "फार आठवण येते गं."