तीन पंख्यांचं कार्ड आणि आमचे व्याही

आमच्या व्याह्यांइतका बेचैन माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतकी वाट बघणाराही सापडायचा नाही. हे दोन्ही एकाच माणसात कसं मावतं ते मला विचारू नका. सोयरीक होऊन बारा वर्षं झाली, मी अजून बघतेच आहे. लेक-जावई हैदराबादला, आणि आम्ही म्हातारी माणसं इथं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, त्यामुळे रोज दुपारी त्यांची फेरी ठरलेली. जन्म गेला वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये, काटे बघण्यात. म्हणून माझ्या दारात आले की चपला काढायच्या आधी मीटर बघणार. मग फ्रिजला कान लावणार. "विहीणबाई, तुमचं कॉम्प्रेसर रडून राहिलं." खुर्चीवर बसले तरी ते बसलेले नसतात, नुसते टेकलेले असतात. एकदा मी आत चहा टाकायला गेले तेवढ्यात त्यांनी माझा मिक्सर उघडून टेबलावर मांडला होता, आणि आत अर्धी वाटलेली चटणी होती हो! ती चटणी मग मी पाट्यावर वाटली आणि त्यांनीच मिटक्या मारत खाल्ली, वर म्हणाले, "पाहा, पाट्याले बेअरिंगची कटकट नाही."

पण काही विकत घ्यायचं निघालं की हाच माणूस गप्प उभा राहतो. नवीन आलेली वस्तू त्यांनी आयुष्यात घेतली नाही. नवी आली की मागची भावात उतरते, आणि मागची सगळ्यात जास्त उतरते ती पितृपक्षात, हा त्यांचा सिद्धांत. त्या पंधरा दिवसांत कोणी नवी वस्तू घेत नाही, दुकानदार रिकामा बसतो, आणि आमचे व्याही नेमके तेव्हाच पिशवी घेऊन निघतात. त्यांचा फ्रिज पितृपक्षातला, स्कूटर पितृपक्षातली, पलंगसुद्धा. लेकीच्या सोयरिकीच्या बैठकीत त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "हॉल पितृपक्षात अर्ध्यात मिळते. तेव्हाच उरकून टाकू काय?" माझ्या बहिणीला उचकीच लागली. तेव्हा विहीणबाई, म्हणजे त्यांच्या घरच्या, पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. "ह्यायचं ऐकू नका जी, मी आहे नं." त्या दिवसापासून आमची गट्टी.

तर हा माणूस रिटायर झाल्यावर कॉम्प्युटर शिकला, व्हिडिओ बघून बघून. कारण असं झालं की वीज केंद्राच्या कॉलनीतली जुनी क्वार्टरं पाडायला काढली. दोघांचा तीस वर्षांचा संसार तिथला. पाडापाडीच्या आधी आम्ही तिघं टेप घेऊन गेलो. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या, आणि विहीणबाई मधे उभ्या राहून सांगतायत, इथं मोरी, इथं पाळणा टांगायचो. शेजारच्या क्वार्टरातल्या बाईला वाटलं आम्ही अतिक्रमणवाले, तिनं घाईघाईनं आपल्या कुंड्या आत घेतल्या. ते सगळं माप कॉम्प्युटरात टाकून ते अख्खं घर असं उभं करणार होते की पडद्यावर दार उघडून आत शिरावं. आणि हे लवकर व्हायला हवं होतं, कारण विहीणबाईंच्या डोळ्यांचा पडदा विरत चालला होता. या आजारात मधलं दिसणं जातं, कडेचं राहतं. माझ्याकडे बघायचं तर त्या माझ्या कानाकडे बघायच्या. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पण स्पष्टच सांगितलं की आहे तेवढं टिकवू, गेलेलं आणता येणार नाही.

आणि इथं ते कार्ड आडवं आलं. कॉम्प्युटरात चित्र उभं करायला वेगळं यंत्र लागतं, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. त्यांच्या जुन्या कार्डावर भिंती उभ्या राहिल्या, पण अंगणात शेवग्याचं झाड लावलं की कॉम्प्युटर जागच्या जागी थिजायचा. सगळ्यात वरच्या दर्ज्याचं कार्ड म्हणजे विटेपेक्षा लांब, तीन पंख्यांचं, आणि किमतीत एक स्कूटर येईल असं. व्याही म्हणाले, "थांबू. नवीन पिढी आली की मागच्या पिढीचं वरचं कार्ड उतरते." नवीन पिढी आली. पण साऱ्या जगाला तीच कार्डं हवी झाली आणि भाव उतरायच्या ऐवजी चढला. "थांबू." मग दिवाळी सेल आला, त्यात फक्त लहान कार्डं उतरली. "थांबू." रोज दुपारी माझ्या घरात येरझाऱ्या घालत मोबाइलवर भाव बघणार. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण दोन वर्षं ऐकून ऐकून माझीही मेमरी, वॉट आणि वॉरंटीची शिकवणी पुरी झाली. इकडे विहीणबाई आधी पेपर वाचायच्या थांबल्या, मग सुईत दोरा ओवायच्या, मग तांदूळ निवडायच्या. शेवटी मी एकदा चिडलेच. "अहो, भाव उतरायची वाट बघताय, पण त्यांचे डोळे थांबलेत का?" ते उठून माझ्या पंख्याचा रेग्युलेटर उगाच फिरवत उभे राहिले.

त्या वर्षीच्या पितृपक्षात आम्ही दोघं सीताबर्डीच्या बाजारात गेलो. मी म्हटलं, डोळ्यांसाठीची वस्तू, निदान ही तरी घटस्थापनेला घ्या. तर म्हणाले, "माझ्या बापानं जन्मभर भाव केल्याशिवाय मीठ नाही घेतलं. तो वरून खुशच होईन." दुकानदारानं मागच्या पिढीचं सर्वात मोठं कार्ड काढलं. खोकं एकदा उघडलेलं, कोणीतरी नेऊन परत केलेलं, म्हणून उतरलेलं. व्याह्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि सरळ नाकाला लावलं.

"काकाजी, अगरबत्ती आहे का ते?"

"जळकं वार्निश हुंगून राहिलो गा. मोटर जळते तर आधी वास येते. ह्याचं परत काहून केलं त्यानं?"

"त्याच्या कॉम्प्युटरच्या डब्यात बसलं नाही, काकाजी."

"बस, एवढंच? मग आपल्याले काय!"

आपल्याला काय ते घरी कळलं. आमच्याही डब्यात बसेना. व्याह्यांनी करवतीनं आतली पत्र्याची पट्टी कापली, कार्ड बसवलं, बटण दाबलं, आणि काही नाही. नुसता एक दिवा लुकलुकला आणि विझला. त्या कार्डाला जेवढी वीज हवी तेवढी द्यायची ताकदच त्या डब्यात नव्हती. जन्मभर मेगावॉट सांभाळलेल्या माणसानं घरातले वॉट बघितलेच नव्हते! विहीणबाई तर पलंगावर आडव्या होऊन हसल्या. "अख्ख्या जिल्ह्याले लाइट देत होते म्हणते, अन् एक डब्बा पेटत नाही!" मग पूर्ण भावात मोठा पॉवर सप्लाय आणला, मग ते फार तापतं म्हणून खोलीत कूलर आणला, आणि सवलत तिथंच जिरली. आता कोणी मला विचारलं की पडत्या भावातलं मोठं कार्ड घ्यावं का, तर मी सांगते, घ्या बापा, चांगलं असतं, पण घरात ते मावेल का आणि पेटेल का ते आधी बघा. आणि कोणासाठी घेताय तेही बघा.

दसऱ्यानंतर एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. पडदे ओढले, विहीणबाईंना पुढे बसवलं. त्या रुसल्यासारखी मान खिडकीकडे वळवून बसल्या, कारण तसंच त्यांना दिसतं. व्याह्यांनी पडद्यावर दार उघडलं. "हे बघ व्हरांडा. हा तुझा ओटा. ही तुळस. शेवगा बघ, हलते आहे." मला तर भरून आलं, टेप धरलेली ती खोली जशीच्या तशी. विहीणबाईंनी मान आणखी थोडी वळवली.

"अहो, हे कोणाचं घर आहे?"

व्याह्यांचा हात थांबला. "अवं, आपलं."

"आपलं घर एवढं चकचकीत कधी होतं? राख कुठं आहे?"

तिथं कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राच्या चिमण्या अगदी उशाशी. खिडकीच्या कट्ट्यावर, वाळत घातलेल्या धोतरावर, तुळशीच्या पानांवर, सगळीकडे बारीक राख बसायची आणि ही बाई तीस वर्षं सकाळ-संध्याकाळ पुसायची. व्याही ताडकन उठले. आठ दिवस त्यांनी पडद्यावरच्या घरात राख पाडली. कणाकणाला कार्ड धापा टाकायचं.

मग पुन्हा पडदे ओढले. विहीणबाई पुढे वाकल्या, पडद्यावरच्या खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं आणि ते बोट डोळ्याच्या कडेशी नेऊन पाहिलं. "आता आहे," म्हणाल्या. व्याही इतके खुश झाले की त्यांनी कूलरलाच थाप मारली.

मी स्वयंपाकघरात कप विसळत होते तेव्हा त्या मागून आल्या. हळूच म्हणाल्या, "मले काही नाही दिसत जी त्यात. मधात पाहिलं की सगळं राखेवानीच दिसते. कट्टा कुठं आहे ते पाठ आहे, म्हणून बोट फिरवलं. ह्यायले सांगू नका."

व्याही मला सोडायला फाटकापर्यंत आले. कडी उघडत होते, लावत होते, पुन्हा उघडत होते. "विहीणबाई, दोन वर्षांआधी पूर्ण भावात घेतलं असतं, तर तिले तुळशीचं पान न् पान दिसलं असतं नं?"

मी म्हटलं, "दिसतं हो त्यांना. आत्ताच म्हणत होत्या, तुळशीची माती कोरडी दिसते म्हणून."

"हो काय? बापरे, माती ओली करायची राहिलीच!" म्हणत ते फाटक उघडंच टाकून जिन्याकडे पळाले. मी कडी लावली आणि तिथंच उभी राहिले. थोड्या वेळानं वरच्या खिडकीतून ते तीन पंखे घरघरायला लागले.